लेसरने चष्मा घालवायला परदेशी, जोडीला शहराची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नंबर घालवायला परदेशी जाऊ, आणि गेलोच आहोत तर चार दिवस शहरही बघू’ हा बेत आता नवलाचा राहिलेला नाही. इस्तंबूल, प्राग, बुडापेस्ट, बँकॉक, सोल अशा शहरांतली नेत्ररुग्णालयं परदेशी रुग्णांना सरावलेली आहेत. विमानतळावर न्यायला येणारी गाडी, हॉटेल, दुभाषा असं सगळं एकत्र बांधून देणारेही भेटतात. बेत चांगलाच आहे. फक्त त्यात पक्कं काय आणि कच्चं काय, हे बहुतेक जण उलटं धरतात. शस्त्रक्रियेची तारीख दगडावरची रेघ, आणि सहल जमली तर जमली! खरं तर सहल पक्की असते. शस्त्रक्रिया होणार की नाही, हे तिथल्या तपासणीच्या खुर्चीत बसल्यावर ठरतं. खालची बरीच उत्तरं याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

एका खेपेत दोन्ही खरंच जमतं का?

जमतं, पण शस्त्रक्रिया कोणती यावर ते अवलंबून आहे. लेसिक, स्माइल आणि पीआरके या लेसरने नंबर घालवायच्या तीन पद्धती; त्यांतला फरक पुढे येतोच. लेसिकमध्ये रुग्णालयात मुक्काम लागत नाही, दोन्ही डोळे बहुधा एकाच दिवशी होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बऱ्याच जणांना चष्म्याशिवाय समोरच्या पाट्या वाचता येतात. स्माइलमध्ये नजर स्वच्छ व्हायला आणखी काही दिवस लागू शकतात, तरी हिंडता-फिरता येतं. पीआरके किंवा तिच्या जातीच्या ‘पृष्ठभागावरच्या’ शस्त्रक्रियांनंतर मात्र पहिले तीन ते पाच दिवस डोळ्यांतून पाणी, जळजळ आणि उजेडाचा त्रास यांतच जातात. त्या दिवसांत शहर बघायचं म्हणजे हॉटेलच्या खोलीचे पडदे बघायचे. पीआरकेच होणार असेल तर सहल आधी उरकून घ्या, नाहीतर वेगळी ठेवा.

मग किती दिवस हाताशी हवेत?

लेसिक किंवा स्माइलसाठी आठ ते नऊ दिवस. ‘तीन दिवसांत आटपून परत’ असंही विकलं जातं, पण ते वेळापत्रक सगळं सुरळीत झालं तरच चालतं.

माझ्या मते सोयीची मांडणी अशी. पहिल्या दिवशी पोहोचा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी सविस्तर तपासणी करून घ्या. त्या दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात, त्यामुळे जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांत खुपतं. अंमल काही तासांत उतरतो, कधी दुसरा दिवसही उजाडतो, तेव्हा संध्याकाळचं तिकीट काढून ठेवू नका. तिसरा आणि चौथा दिवस मनसोक्त भटकायला. पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया, सहाव्या दिवशी सकाळी पहिली फेरतपासणी. सातवा-आठवा दिवस संथ, आणि निघण्यापूर्वी दुसरी तपासणी.

तपासणी आणि शस्त्रक्रिया यांत दोन दिवसांची फट मुद्दाम ठेवली आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं नीट पचतं, शंका रात्री आठवतात त्या दुसऱ्या दिवशी विचारता येतात, आणि नको वाटलं तर मागे फिरायला वेळ मिळतो. सकाळी तपासणी आणि दुपारी लेसर या बेतात हे काहीच होत नाही.

पीआरके असेल तर शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर ठेवलेली संरक्षक काँटॅक्ट लेन्स काढेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, तिथेच राहावं लागतं. त्यानंतरही नजर पूर्ण बसायला काही आठवडे जातात.

आधी सहल की आधी ऑपरेशन?

आधी सहल. ‘नव्या डोळ्यांनी शहर बघू’ ही कल्पना गोड आहे, पण लेसरनंतरचे पहिले दिवस कोरड्या, थकलेल्या डोळ्यांचे असतात. दर दोन-तीन तासांनी थेंब, डोळे चोळायचे नाहीत, गर्दी आणि धूळ टाळायची. शिवाय रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. प्रागच्या चार्ल्स पुलावरून दिव्यांची रांग बघायला गेलात तर प्रत्येक दिव्याला तेजोवलय! जुन्या चष्म्यातून ते दृश्य जास्त नेटकं दिसलं असतं.

निघण्यापूर्वी इथेच कोणत्या तपासण्या कराव्यात?

निदान तीन. कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाचा) नकाशा, म्हणजे टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी. कॉर्नियाची जाडी, म्हणजे पॅकिमेट्री. आणि थेंब टाकून काढलेला चष्म्याचा नंबर. जोडीला डोळ्यांचा कोरडेपणा आणि मागचा पडदाही तपासून घेतला तर उत्तम, कारण मोठा मायनस नंबर असलेल्यांच्या पडद्याला पातळ जागा किंवा बारीक छिद्रं असू शकतात. त्यांवर आधी उपचार करावे लागतात.

अहवाल तिथल्या डॉक्टरांना आधी पाठवा आणि लेखी मत मागा. ते मत अंतिम नसतं, तिथे सगळं पुन्हा मोजतातच. पण जे साफ बाद होणार आहेत, ते निदान विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी बाद होतात. मागच्या एक-दोन वर्षांच्या चष्म्याच्या चिठ्ठ्याही शोधून ठेवा. वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) जास्त हलला असेल तर थांबायला सांगतात.

काँटॅक्ट लेन्स कधी बंद करायच्या?

शस्त्रक्रियेच्या आधी नव्हे, *तपासणीच्या* आधी. इथे फार जण चुकतात. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार किंचित बदललेला असतो. त्या बदललेल्या आकारावर मोजमाप झालं तर लेसरही चुकीच्या मापाने चालतो. अमेरिकेतल्या एफडीएचा, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, सल्ला असा: मऊ लेन्स दोन आठवडे आधी, तिरप्या नंबरच्या मऊ लेन्स आणि हवा जाऊ देणाऱ्या कडक लेन्स तीन आठवडे आधी, जुन्या पद्धतीच्या कडक लेन्स चार आठवडे आधी बंद.

म्हणजे सहलीच्या पहिल्या दिवसापासून सगळे फोटो चष्म्यातले. शेवटचे म्हणून काढून घ्या.

कोणाला नाही म्हणतात?

अठरा वर्षांखालच्यांना, नंबर अजून हलत असलेल्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना (संप्रेरकांमुळे नंबर आणि अश्रू दोन्ही बदलतात). केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होत पुढे येण्याचा आजार, असलेल्यांना किंवा त्याची शंका असलेल्यांनाही. फार पातळ कॉर्निया, खूप कोरडे डोळे, आटोक्यात नसलेला मधुमेह, संधिवातासारखे स्वप्रतिकाराचे आजार, डोळ्यात पूर्वी झालेली नागीण, या सगळ्यांत डॉक्टर थांबवतात किंवा फार विचार करून पुढे जातात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या आवर्जून सांगा. डोळे कोरडे पडतात.

यातलं काही लपवून फायदा नाही. लांबून आलेला रुग्ण ‘एवढ्या लांब आलोय, आता होऊनच जाऊ दे’ म्हणतो, आणि तिथेच घोळ होतो.

कॉर्नियाच्या जाडीवरून एवढं का अडतं?

कारण लेसर नंबर ‘काढत’ नाही, कॉर्निया कोरतो. मधोमध त्याची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. लेसिकमध्ये आधी सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा, ज्याला फ्लॅप म्हणतात, उचलला जातो. मग खालचा थर कोरतात: नेहमीच्या रुंदीच्या क्षेत्रासाठी एका डायॉप्टरला साधारण १२ ते १५ मायक्रॉन. आणि शेवटी खाली निदान २५० मायक्रॉन शिल्लक राहिले पाहिजेत. सावध डॉक्टर ३०० धरतात.

हिशेब करून बघा. जाडी ५४०, नंबर उणे ६. फ्लॅपचे ११० गेले, कोरण्यात १४ च्या दराने ८४ गेले, उरले ३४६. छान. आता जाडी ४८०, नंबर उणे ९. ११० आणि १२६ गेले, उरले २४४. इथे लेसिकला नाहीच म्हणायला हवं. तरीही कोणी हो म्हणत असेल, तर पुढे कधीतरी कॉर्निया आतल्या दाबाने फुगून पुढे येण्याचा धोका तुम्ही विकत घेताय. अशा डोळ्यांसाठी आत भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया असते, पण ती वेगळी गोष्ट. डोळा उघडून आत जावं लागतं, आणि सहलीच्या बेतात ती घुसडू नये.

हा हिशेब तुम्ही स्वतः डॉक्टरांसमोर कागदावर मांडू शकता. उत्तर देताना जो डॉक्टर वैतागतो, त्याच्याकडे परत जाऊ नका.

लेसिक, स्माइल, पीआरके: सहलीच्या नजरेने फरक काय?

लेसिक सगळ्यात लवकर दिसायला लावणारं, पण फ्लॅप असल्यामुळे धक्का आणि चोळणं यांना घाबरायचं. स्माइलमध्ये फ्लॅप नाही. कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराचा बारीक तुकडा लेसरने सुटा करून दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून काढून घेतात. कॉर्नियातल्या नसा कमी कापल्या जातात, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत कोरडेपणा तुलनेने कमी. पीआरकेमध्ये वरची नाजूक त्वचा खरवडून थेट पृष्ठभागावर लेसर. पातळ कॉर्निया किंवा मारामारीचे खेळ खेळणाऱ्यांना ही बरी. त्यात ढगाळपणा येऊ नये म्हणून पुढचे काही महिने कडक उन्हापासून डोळे जपावे लागतात, त्यामुळे लगेच समुद्रकिनाऱ्याची सुट्टी जोडायची असेल तर पुन्हा विचार करा.

पण शस्त्रक्रिया सहलीच्या सोयीने निवडायची नसते. डॉक्टर म्हणाले ‘तुमच्या डोळ्याला पीआरके’, आणि तुम्ही म्हणालात ‘पण माझं परवा विमान आहे, लेसिकच करा’, तर त्या वादात विमानाने हरायला हवं.

तिथे गेल्यावर ‘तुम्ही योग्य नाही’ म्हणाले तर?

तर तुम्ही नशीबवान. तुम्हाला प्रामाणिक डॉक्टर मिळाला.

हा प्रश्न खरं तर निघण्यापूर्वी, पैशांचं बोलताना विचारायचा असतो. शस्त्रक्रिया नाकारली तर आगाऊ दिलेल्यातलं काय परत मिळणार? तपासणीचे वेगळे पैसे किती? हॉटेलचं काय? लेखी उत्तर मागा. सगळे पैसे आधीच भरलेले असले की नकार ऐकायला माणूस तयार नसतो, आणि समोरच्यालाही तो द्यायला जड जातं. दोन्ही बाजूंनी दाब एकाच दिशेला. तो दाब निघण्यापूर्वीच काढून टाका: तपासणीपुरतेच पैसे आगाऊ भरा, परतीचं तिकीट बदलता येईल असं घ्या, आणि शहर असं निवडा की शस्त्रक्रिया नाही झाली तरी आठ दिवस सार्थकी लागावेत. इस्तंबूलला जाऊन फेरीबोटीतून बॉस्फरस ओलांडला, टोपकापी राजवाडा बघितला आणि चष्म्यासकट परतलात, तर काय बिघडलं?

क्लिनिक कसं निवडायचं?

आधी डॉक्टर, मग क्लिनिक, सगळ्यात शेवटी हॉटेल. जाहिरातीत हा क्रम उलटा असतो. पोहण्याच्या तलावाचे सहा फोटो, आणि शस्त्रक्रिया कोण करणार त्याचं नाव कुठेच नाही. विचारायचं ते असं. माझ्या डोळ्यांवर लेसर कोण चालवणार? त्यांचं कॉर्निया किंवा नंबरच्या शस्त्रक्रियेचं खास शिक्षण कुठे झालं? त्या देशाच्या वैद्यकीय नोंदणीत त्यांचं नाव दिसतं का? तपासणी तेच करणार, की आदल्या दिवशी तंत्रज्ञ मोजणार आणि डॉक्टर थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी भेटणार? दुसऱ्या दिवशी मला कोण बघणार? गुंतागुंत झाली तर रात्री फोन कोण उचलणार?

जेसीआयसारखी आंतरराष्ट्रीय मान्यता असेल तर चांगलंच, पण ती रुग्णालयाच्या व्यवस्थेला मिळालेली असते. त्यावरून एका डॉक्टरच्या हाताची पारख होत नाही. मशीनचं नाव आणि पिढी यांचाही फार गाजावाजा होतो. चांगलं मशीन हवंच, पण चुकीच्या डोळ्यावर चालवलेलं नवं मशीनही चुकीचंच.

मध्यस्थामार्फत जात असाल तर त्याला दलाली रुग्णालयाकडून मिळते, हे लक्षात ठेवून त्याचं ऐका.

भाषा येत नसेल तर?

दुभाषा रुग्णालयाचा असला तर चालेल, पण संमतिपत्र तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेत, आदल्या दिवशी, हातात हवं. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर डोळ्यांत थेंब टाकलेले असताना पुढ्यात आलेल्या कागदावर सही म्हणजे डोळे मिटून केलेली सही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी नक्की काय होतं? दुखतं का?

सुन्न करणारे थेंब टाकतात, सुई नसते. पापण्या उघड्या ठेवायला लहानसा चिमटा लावतात, त्यामुळे ‘मध्येच डोळा मिटला तर?’ ही भीती नको. फ्लॅप करताना डोळ्यावर चकती दाबून बसवतात. तेव्हा दाब जाणवतो आणि काही क्षण अंधारून येतं किंवा पुरतं दिसेनासं होतं. आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो. मग ‘या दिव्याकडे बघत राहा’ म्हणतात. नजर किंचित हलली तर लेसर तिचा माग काढतो, जास्त हलली तर आपोआप थांबतो. प्रत्यक्ष लेसर काही सेकंदांचा. एका डोळ्याचा सगळा कार्यक्रम दहा-पंधरा मिनिटांचा.

त्या दिवशी अत्तर, डिओडरंट, क्रीम, काजळ काही नको. बाष्पाने लेसरच्या कामात अडथळा येऊ शकतो, आणि पापण्यांवरचा मेकअप म्हणजे जंतूंना निमंत्रण. सोबत कोणीतरी हवंच, कारण परत येताना स्वतः वाट शोधण्याच्या स्थितीत तुम्ही नसता.

खरा त्रास सुन्नपणा उतरल्यावर सुरू होतो. लेसिकनंतर चार-सहा तास डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं. उपाय एकच: थेंब टाकून झोपून जाणं.

जळका वास येतो म्हणे. लेसर डोळा जाळतो का?

केस जळल्यासारखा वास येतो खरा, पण डोळा भाजत नाही. कॉर्निया कोरणारा एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतो. ते पेशीजालातले रासायनिक बंध तोडतात आणि अतिसूक्ष्म थर उडून जातो, शेजारच्या भागाला उष्णता जवळजवळ पोहोचतच नाही. आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीतून उरलेल्या टर्कीवर हा लेसर चालवून बघितला, आणि काप इतका स्वच्छ निघाला की कडा अजिबात करपल्या नव्हत्या. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी कॉर्नियावरच्या वापराचं काम प्रसिद्ध केलं. मेजवानीतलं उरलंसुरलं एवढ्या कामी आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

नंतरच्या दिवसांत शहरात काय चालतं, काय नाही?

चालतं: सकाळ-संध्याकाळचं संथ फिरणं, बागा, संग्रहालयं, होडीतून नदीची फेरी. गॉगल लावून, थेंबाची बाटली खिशात ठेवून. संग्रहालयात एकटक बघताना पापण्या मिटायच्या राहतात आणि डोळे कोरडे पडतात. दर दालनानंतर मिनिटभर डोळे मिटून बसा.

चालत नाही ते पाणी. नळाचं, तलावाचं, समुद्राचं, वाफेचं. पाण्यात अकँथअमीबासारखे जीव असतात, आणि ताज्या कापावर त्यांनी घर केलं तर महिनोन्महिने उपचार चालतात. म्हणजे इस्तंबूलचा हमाम आणि बुडापेस्टची गरम पाण्याची स्नानगृहं, ज्यांच्यासाठी लोक ती शहरं निवडतात, नेमकी तीच वर्ज्य. पोहणं आणि गरम पाण्याचे कुंड एक ते दोन महिने टाळण्याचा सल्ला एफडीए देते. हमामची हौस शस्त्रक्रियेच्या आधीच्या दोन मोकळ्या दिवसांत भागवा. बँकॉकला जात असाल तर कॅलेंडर बघा: १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, तेव्हा रस्त्यावर जो दिसेल त्याला भिजवतात. तिथे ‘माझं ऑपरेशन झालंय हो’ कोण ऐकणार?

मेकअप दोन आठवडे नको, धक्काबुक्कीचे खेळ निदान महिनाभर नकोत. डोळे चोळण्याची सवय असेल तर रात्रीचं प्लॅस्टिकचं कवच हॉटेलात विसरू नका. गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायचा बेत रद्द करा, रात्री तर नक्कीच.

विमानप्रवास कधी? हवेच्या दाबाने काही होतं का?

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत फ्लॅप जागेवर असेल तर बरेच डॉक्टर उडायला परवानगी देतात. दाबाने काही होत नाही. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलेला असेल तर विमान धोक्याचं, पण लेसरमध्ये डोळ्यात हवा भरतच नाहीत. अमेरिकी गिर्यारोहक डॉक्टर बेक वेदर्स यांना १९९६ मध्ये एव्हरेस्टवर दिसेनासं झालं होतं, तो दाखला कोणी दिला तर त्यांची शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीची होती हे सांगा. कॉर्नियावर चाकूने आऱ्यांसारखे छेद घ्यायचे ती. उंचीवर तसा कॉर्निया आकार बदलतो.

विमानातली खरी अडचण कोरड्या हवेची. केबिनमधली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांखाली असते, आणि लेसरनंतर अश्रू आधीच कमी. तासातासाला कृत्रिम अश्रू, डोक्यावरचा वारा बंद, आणि पडद्यावरच्या सिनेमाऐवजी झोप. उडता येतं म्हणून दुसऱ्याच दिवशी उडावं, असं मात्र नाही. फ्लॅपखाली जंतूंशिवाय होणारी सूज पहिल्या काही दिवसांतच दिसते, आणि ती दिसेल तेव्हा शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर जवळ असलेले बरे.

थेंबांच्या बाटल्या विमानात नेता येतात?

हो. हातातल्या पिशवीतच ठेवा, सामानात टाकू नका. बाटल्या छोट्या असतात, १०० मिलिलिटरच्या मर्यादेत सहज बसतात. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं हवीत, कारण व्यापारी नाव देशागणिक बदलतं. निघण्यापूर्वी पुरेसा साठा घ्या: प्रतिजैविक, स्टेरॉइड आणि संरक्षक द्रव्य नसलेले कृत्रिम अश्रू.

कोणती लक्षणं दिसली की धावायचं?

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं. नजर काल होती त्यापेक्षा आज धूसर झाली. डोळा लालभडक झाला, घाण येऊ लागली. उजेड अचानक सहन होईना. किंवा डोळ्याला मार लागला. शेवटच्या बाबतीत दिसायला ठीक असलं तरीही जा, फ्लॅप सरकलेला असू शकतो आणि तो लवकर बसवला तर बसतो. सहलीत असाल तर क्लिनिकला फोन, विमानतळावर असाल तर विमान सोडा.

परतल्यावर कोण बघणार?

हे निघण्यापूर्वी ठरवायचं. पहिल्या दिवसाची आणि शक्यतो पहिल्या आठवड्याची तपासणी तिथे, मग एक, तीन आणि सहा महिन्यांची इथे. दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेची जबाबदारी घ्यायला काही डॉक्टर कुरकुरतात, म्हणून जाण्याआधीच तुमच्या नेहमीच्या नेत्रतज्ज्ञांना विचारा. तपासणी नुसती नजर बघायला नसते. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही.

कोरडेपणा, वलयं किती दिवस?

बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत निवळतं, काहींचं रेंगाळतं. एफडीएच्या प्रोल अभ्यासात ज्यांना आधी काहीच त्रास नव्हता, अशांतल्या ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी वलय, चकाकी, दुहेरी दिसणं असं किमान एक लक्षण सांगितलं. कोरडेपणा २८ टक्क्यांपर्यंत. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक जण आपल्या नजरेवर समाधानी होते. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. जाहिरातीत दुसराच असतो.

माझं वय ४४. चाळिशीचा चष्माही जाईल का?

नाही. चाळिशी डोळ्याच्या आतलं भिंग ताठर झाल्यामुळे येते. लेसर चालतो बाहेरच्या कॉर्नियावर. उलट, मायनस नंबरवाले चष्मा काढून जवळचं वाचतात, ती सोय लांबचा नंबर गेल्यावर जाते. एक डोळा लांबच्यासाठी, एक जवळच्यासाठी ठेवण्याची युक्ती आहे, पण ती आधी काँटॅक्ट लेन्स लावून काही दिवस अनुभवून बघा.

‘आजीवन हमी’ म्हणजे काय?

नंबर परत आला तर पुन्हा लेसर फुकट. विमान, हॉटेल, रजा तुमची. आणि कॉर्निया पुरेसा उरला असेल तरच. अटी वाचा, दरवर्षी त्यांच्याकडेच तपासणी केली तरच हमी लागू, असंही कलम असू शकतं.

विमा आणि व्हिसा?

प्रवास विमा ठरवून केलेल्या उपचाराचा आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्च सहसा देत नाही. वैद्यकीय प्रवासासाठी वेगळा विमा असतो, तो बघा. काही देशांत उपचारासाठी वैद्यकीय व्हिसा लागतो, पर्यटक व्हिसा पुरत नाही. त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ बघा, मध्यस्थाच्या शब्दावर जाऊ नका.

परत येताना कोणते कागद आणायचे?

पावती सगळे आणतात. जे आणायचं राहतं ते हे: शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाच्या वक्रतेचं माप, जाडी, टोपोग्राफीचा नकाशा; आणि शस्त्रक्रियेचा अहवाल, ज्यात पद्धत, मशीन, फ्लॅपची जाडी, किती मायक्रॉन कोरलं आणि किती रुंदीच्या क्षेत्रात, हे असेल. छापील प्रत आणि फाइल दोन्ही घ्या.

याचं कारण वीस-तीस वर्षांनी कळतं. मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या कृत्रिम भिंगाची ताकद कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेसरने ती वक्रता बदललेली असते. नेहमीचं गणित लावलं तर भिंग चुकीच्या नंबरचं बसतं. जुनी मापं हाती असली तर तेव्हाच्या डॉक्टरांचं काम सोपं होतं. तोवर ते क्लिनिक चालू असेल, त्यांनी नोंदी ठेवल्या असतील आणि ते तुमच्या ईमेलला उत्तर देतील, यावर विसंबू नका. फाइल घरी जन्मदाखल्याशेजारी ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.